हद्द न मानणारी आच

१९६७ साली ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात एक अर्ज दाखल झाला. किनाऱ्यावरच्या ऊसशेतीला चुना हवा होता आणि तो समुद्रातल्या एलिसन रीफ नावाच्या प्रवाळखडकातून खणून काढायची परवानगी अर्जदाराला हवी होती. खडक मेलेला आहे, त्यावर काही जगत नाही, तेव्हा तो खणला तर कुणाचंच नुकसान नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

बिंगिल बे या किनाऱ्यावरच्या वस्तीत राहणारे चित्रकार जॉन ब्युस्ट यांच्या कानावर ही गोष्ट आली. त्यांनी इनिसफेल गावच्या खाण-न्यायालयात हरकत नोंदवली. त्यांच्या जोडीला कवयित्री ज्युडिथ राइट आणि वनशास्त्रज्ञ लेन वेब उभे राहिले. तिघांपैकी एकही सागरशास्त्रज्ञ नव्हता. खडक जिवंत आहे हे दाखवायचं तर कुणीतरी पाण्याखाली जाऊन पाहणं भाग होतं. ते काम क्वीन्सलँड लिटोरल सोसायटीच्या तरुण विद्यार्थ्यांनी अंगावर घेतलं. त्यांनी एलिसन रीफवर बुड्या मारल्या, दिसेल त्या प्रवाळाची, माशाची, शिंपल्याची नोंद केली आणि मेलेल्या म्हणवल्या गेलेल्या त्या खडकावरच्या जिवांची लांबलचक यादी पुढे ठेवली. अर्ज फेटाळला गेला.

लढाई मात्र तिथे संपली नाही. राज्य सरकारने तोवर ग्रेट बॅरिअर रीफच्या जवळपास सगळ्या प्रवाळपट्ट्यात तेल शोधण्याचे परवाने वाटून टाकले होते. १९६९च्या जानेवारीत अमेरिकेत सांता बार्बराच्या किनाऱ्याजवळ तेलविहीर फुटली आणि काळे पडलेले किनारे जगाने पाहिले. मार्च १९७०मध्ये तर ‘ओशनिक ग्रँडर’ हे तेलवाहू जहाज थेट टोरेस सामुद्रधुनीतच खडकावर आदळलं. कामगार संघटनांनी रीफवरच्या तेलशोधाच्या कामावर बहिष्कार पुकारला. चौकशी आयोग बसला. ब्युस्ट १९७१मध्ये गेले, त्यांना शेवट पाहता आला नाही. १९७५मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदेने ‘ग्रेट बॅरिअर रीफ मरीन पार्क कायदा’ मंजूर केला आणि तिथलं खाणकाम व तेल-उत्खनन पुढे कायमचं बंद झालं. १९८१मध्ये युनेस्कोने या परिसराला जागतिक वारसा ठरवलं. ज्युडिथ राइट यांनी या लढ्याची हकिकत ‘द कोरल बॅटलग्राउंड’ या १९७७च्या पुस्तकात लिहून ठेवली आहे.

हा इतिहास आधी सांगायला हवा, कारण ग्रेट बॅरिअर रीफचं नाव आज निघतं ते बहुतेक शोकवार्तेतच. माणसांनी मनावर घेतलं, कायदा केला, पाळला, तर प्रवाळाचं भलं होतं, हे याच रीफने एकदा नव्हे, अनेकदा दाखवून दिलं आहे. आजचा प्रश्न वेगळा आहे आणि तो जास्त अवघड आहे.

ही रीफ म्हणजे एक अखंड भिंत नव्हे. सुमारे तीन हजार स्वतंत्र प्रवाळखडक आणि नऊशेहून अधिक बेटं मिळून ती बनली आहे. लांबी सुमारे २,३०० किलोमीटर, म्हणजे कन्याकुमारीहून सरळ रेषेत दिल्ली गाठावी एवढी. सागरी उद्यानाचं क्षेत्रफळ ३,४४,४०० चौरस किलोमीटर. अख्खा महाराष्ट्र त्यात मावून वर जागा उरेल. इथे दगडी प्रवाळाच्या चारशेहून अधिक जाती आहेत, माशांच्या दीड हजारांहून जास्त. जगात सागरी कासवांच्या सात जाती आहेत, त्यांतल्या सहा इथे सापडतात.

एवढ्या अफाट बांधकामाचा कारागीर काही मिलिमीटरचा असतो. पॉलिप नावाचा हा मऊ जीव पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतो. तो मेला की त्या घरावर पुढची पिढी बांधते. मात्र हे सगळं त्याला एकट्याच्या कमाईवर झेपत नाही. त्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हातून साखर तयार करतं आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देतं. पॉलिपची नव्वद टक्क्यांपर्यंतची ऊर्जा तिथूनच येते. बदल्यात शैवालाला आसरा आणि खत मिळतं. प्रवाळाचे तपकिरी, हिरवट रंग बहुतांशी या शैवालाचे. उष्ण कटिबंधातलं नितळ, पोषणद्रव्यांच्या दृष्टीने जवळजवळ उपाशी पाणी आणि त्यात एवढी जीवसृष्टी, हे कोडं या भागीदारीमुळेच सुटतं.

आज दिसते ती रीफ भूगर्भशास्त्राच्या हिशेबात तरुण आहे. वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या भरात, समुद्र सुमारे १२० मीटर खाली होता आणि आज जिथे प्रवाळ आहे तिथे मैदानं आणि टेकड्या होत्या. माणसं तिथे राहत होती. पुढे बर्फ वितळलं, पाणी चढलं, किनारा मागे सरकला; जुन्या खडकांच्या डोक्यांवर गेल्या सहा ते आठ हजार वर्षांत आजचा प्रवाळ वाढला. या किनाऱ्यावरच्या आदिवासी समाजांच्या तोंडी परंपरेत समुद्राने जमीन गिळल्याच्या कथा अजून आहेत. सुमारे सत्तर आदिवासी आणि टोरेस सामुद्रधुनी बेटवासी कुळं या समुद्राशी आपलं पिढीजात नातं सांगतात. २००५मध्ये गिरिंगन समूहातल्या जमातींनी कासव आणि डुगाँग (समुद्रगाय) यांच्या पारंपरिक शिकारीवर आपणहून मर्यादा घालून घेतली. उद्यान प्राधिकरणाशी असा करार करणारे ते पहिले.

वसंत सरताना, म्हणजे तिकडच्या ऑक्टोबर-नोव्हेंबर-डिसेंबरात, पौर्णिमेनंतरच्या काही रात्री या रीफवर जे घडतं ते विज्ञानाला १९८०च्या दशकापर्यंत ठाऊकच नव्हतं. जेम्स कुक विद्यापीठातल्या तरुण संशोधकांनी मॅग्नेटिक बेटाजवळ ते प्रथम पाहिलं आणि १९८४मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जगापुढे मांडलं. सूर्य मावळून काही तास झालेले असतात. विजेरीच्या उजेडात पाहिलं तर प्रत्येक पॉलिपच्या तोंडाशी साबुदाण्याएवढा गुलाबी गोळा येऊन थांबलेला दिसतो. त्यात अंडी आणि शुक्राणू एकत्र बांधलेले असतात. मग एका वसाहतीने सोडले की शेजारची सोडते, आणि बघता बघता लाखो गोळे पृष्ठभागाकडे निघतात. वर पोचून ते फुटतात आणि वेगवेगळ्या वसाहतींची बीजं एकमेकांना भेटतात. एकाच जागी खिळलेल्या प्राण्याला दूरचा जोडीदार मिळतो तो असा. सकाळी समुद्रावर गुलाबी-तपकिरी तवंग पसरलेला असतो. काही दिवसांनी त्यातली पिल्लं तळाशी उतरतात आणि बसण्यायोग्य जागा शोधतात. ती चंद्र आणि पाण्याचा उबदारपणा या दोन्ही गोष्टींचा हिशेब सांभाळून जन्मलेली असतात. यातला दुसरा हिशेब आता बिघडला आहे. पण त्याआधी किनाऱ्यावरच्या शेतांकडे वळायला हवं.

या रीफला मिळणाऱ्या नद्या पस्तीस. त्यांचं पाणलोट क्षेत्र रीफहूनही मोठं, आणि त्यातल्या बहुतेक जमिनीवर गुरं चरतात. सखल, ओल्या पट्ट्यात ऊस. उसाला युरिया किती लागतो आणि पहिल्या जोराच्या पावसात त्यातला किती वाहून जातो, हे कोल्हापूर-सांगलीच्या वाचकाला वेगळं सांगायला नको. तिथेही तेच. युरोपीय वसाहतीच्या काळापासून नद्यांतून रीफकडे जाणारा गाळ सुमारे पाचपट आणि नायट्रोजन सुमारे दुप्पट झाल्याचं शास्त्रज्ञांचं अनुमान आहे. बर्डेकिनसारखी नदी पुरात आली की तिच्या गढूळ पाण्याचा पट्टा उपग्रहातूनही दिसतो. गाळाने ऊन अडतं, सागरी गवत गुदमरतं, आणि त्या गवतावर जगणारा डुगाँग उपाशी राहतो. नायट्रोजनमुळे होणारा घात अधिक आडवळणाचा. पाण्यात प्लवक माजतात आणि त्यांवर पोसणारी, काटेरी तारामाशाची पिल्लं मोठ्या संख्येने जगतात.

हा तारामासा मुळात रीफचाच रहिवासी. कमी संख्येत असला तर झपाट्याने वाढणाऱ्या प्रवाळाला आवर घालून हळू वाढणाऱ्यांना जागा करून देतो. वीसेक भुजा, अंगभर विषारी काटे. प्रवाळावर बसून तो आपलं जठरच तोंडावाटे बाहेर काढतो आणि जिवंत ऊती जागच्या जागी पचवतो. उठून गेला की मागे पांढरा सांगाडा उरतो. एक प्रौढ मादी एका हंगामात कोट्यवधी अंडी घालते. १९६२मध्ये केर्न्सजवळच्या ग्रीन बेटावर त्यांची पहिली मोठी धाड नोंदली गेली, मग १९७९, १९९३ आणि २०१०च्या सुमारास पुन्हा. त्याचा एक मोठा शत्रू म्हणजे ट्रायटन नावाचा शंख. देखणेपणापायी तो वर्षानुवर्षं वेचला गेला, आता त्याला संरक्षण आहे.

तारामाशाला आवरण्याचं काम मग पाणबुड्यांच्या हातात आलं. आधी एकेका तारामाशाला रसायनाची अनेक इंजेक्शनं द्यावी लागत. पुढे जेम्स कुक विद्यापीठातल्या संशोधकांनी गुरांच्या पित्तक्षारांचं एकच इंजेक्शन पुरतं हे शोधलं, आणि नंतर घरोघरी मिळणाऱ्या व्हिनेगरनेही तो दोन दिवसांत मरतो हे सिद्ध झालं. पाणबुड्या खडकाच्या कपारीत हात घालतो, लांब नळीची सुई तारामाशाच्या अंगात टोचतो, आकडा नोंदवतो, पुढे जातो. २०१२पासून असे दहा लाखांहून अधिक तारामासे मारले गेले. एकेक करून. अडाणी वाटावं असं हे काम आहे, पण जिथे ते नेटाने केलं गेलं तिथे प्रवाळ वाचला आहे.

दुसरं मोठं यश २००४चं. तोवर उद्यानाच्या पाच टक्क्यांहून कमी भागात मासेमारीला पूर्ण बंदी होती. प्राधिकरणाने रीफचे सत्तर जैविक विभाग पाडले आणि प्रत्येकातला किमान वीस टक्के भाग राखायचा असं ठरवलं. कोळी चिडले, हौशी गळवाले चिडले, सभा गाजल्या, लोकांच्या हजारो लेखी सूचना आल्या. नकाशावरच्या रेषा अनेक ठिकाणी बदलल्या गेल्या, व्यावसायिक मच्छीमारांना भरपाई दिली गेली. १ जुलै २००४पासून उद्यानाचा तेहतीस टक्के भाग ‘हिरवा’ झाला : पाहा, पोहा, पण मारू नका. दोन वर्षांतच काही किनारी बेटांभोवती कोरल ट्राउट माशांची संख्या ठळकपणे वाढलेली आढळली. पुढे केपेल बेटांपाशी संशोधकांनी माशांच्या पिल्लांचे जनुकीय धागे तपासून त्यांचे आईबाप शोधले, तेव्हा कळलं की राखीव खडक तिथल्या एकूण खडकांच्या जेमतेम अठ्ठावीस टक्के असले, तरी परिसरातली जवळपास निम्मी पिल्लं त्यांचीच होती. त्यांतली बरीचशी प्रवाहाबरोबर मासेमारीला मोकळ्या खडकांवर जाऊन वाढली होती. राखलेल्या पाण्याने कोळ्याचं जाळं भरलं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात मासेमारीच्या बंदीवरून वाद होतात तेव्हा हा अनुभव हाताशी असायला हवा.

थोडक्यात, तेलाला थोपवता आलं, गळाला थोपवता आलं, तारामाशालाही बऱ्यापैकी थोपवता आलं. गाळाचं काम अर्धवट आहे. पण ज्या संकटाने रीफ आज खिळखिळी झाली आहे ते या कोणत्याही रेषेला जुमानत नाही.

नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा पाणी एक अंशाने जास्त तापलं आणि चारेक आठवडे तसंच राहिलं, की पॉलिप आणि शैवाल यांचा संसार मोडतो. तापलेलं शैवाल विषारी ऑक्सिजन-संयुगं सोडू लागतं आणि पॉलिप त्याला अंगाबाहेर टाकतो. रंग जातो, पारदर्शक मांसातून पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. पांढरा पडलेला प्रवाळ मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परत येतं आणि प्रवाळ सावरतो. नाही निवलं तर काही आठवड्यांत त्यावर शेवाळाचा तपकिरी गालिचा चढतो आणि मग कुणी परत येत नाही.

रीफवर असं व्यापक ब्लीचिंग १९९८मध्ये झालं, मग २००२मध्ये, आणि मध्ये चौदा वर्षं गेली. त्यानंतरची सालं वाचली तरी गती कळते : २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४, २०२५. यातलं २०२२चं तर ला निनाच्या वर्षी झालं. अशा वर्षी एरवी पाणी थंड राहायचं.

२०१६मध्ये प्रवाळ-संशोधक टेरी ह्यूज आणि त्यांचे सहकारी लहान विमानातून आणि हेलिकॉप्टरमधून रीफवर फिरले. ९११ खडक पाहिले. त्यांतले जेमतेम ६८ ब्लीचिंगपासून पूर्ण वाचलेले होते. उत्तरेकडचा भाग माणसापासून सर्वांत दूर, पाणी सर्वांत स्वच्छ, शेती जवळपास नाही; तोच सर्वाधिक होरपळला. ह्यूज यांनी पाहणीचे निकाल आपल्या विद्यार्थ्यांना दाखवले आणि मग सगळे रडले, असं त्यांनी स्वतःच जाहीरपणे लिहिलं. मार्च ते नोव्हेंबर या नऊ महिन्यांत रीफवरचे सुमारे तीस टक्के प्रवाळ मेले. अनेक जण उपासमारीची वाट न पाहता उष्म्यानेच, पहिल्या काही आठवड्यांत गेले. २०१७मध्ये पुन्हा तेच घडलं. २०१८मध्ये तळाशी बसणाऱ्या नव्या पिल्लांची संख्या मोजली तर ती पूर्वीपेक्षा ८९ टक्क्यांनी घटलेली होती. वर सांगितलेली ती गुलाबी रात्र ओसाड होत चालल्याचं हे गणित होतं. त्याच २०१६च्या मे महिन्यात उघड झालं की हवामानबदल आणि जागतिक वारशांवरच्या युनेस्कोच्या एका अहवालातला या रीफचा भाग ऑस्ट्रेलियन सरकारच्या आग्रहावरून काढून टाकण्यात आला होता. पर्यटनाला धक्का बसेल, ही भीती. आजार लपवून रोगी बरा होत नाही.

एक आक्षेप मात्र प्रामाणिकपणे तपासायला हवा. २०२२मध्ये ऑस्ट्रेलियन सागरी विज्ञान संस्थेने जाहीर केलं की रीफच्या उत्तर आणि मध्य भागांत जिवंत कठीण प्रवाळाचं आच्छादन नोंदी सुरू झाल्यापासून सर्वाधिक आहे. उत्तरेत ३६ टक्के, मध्यात ३३. मग शोक कशाचा, असा प्रश्न अनेकांनी विचारला.

या नोंदी होतात कशा, ते पाहिलं की उत्तर कळतं. होडीच्या मागे सुमारे १७ मीटर दोर, दोराच्या टोकाला फळी, फळी धरून पाण्यात आडवा झालेला निरीक्षक. होडी खडकाच्या कडेने चालण्याच्या वेगाने जाते. दोन मिनिटं झाली की थांबते. निरीक्षक फळीवरच्या न भिजणाऱ्या कागदावर लिहितो : जिवंत प्रवाळ इतके टक्के, मेलेला इतका, तारामासे इतके. पुन्हा दोन मिनिटं. असं करत अख्ख्या खडकाला प्रदक्षिणा. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून हे काम चाललं आहे आणि जगात प्रवाळाच्या इतक्या दीर्घ, इतक्या चिकाटीच्या नोंदी फार थोड्या आहेत. पण यात आच्छादन मोजलं जातं, आच्छादन कोणाचं ते तितकंसं नाही. २०२२पर्यंतची भर मुख्यत्वे ॲक्रोपोरा गटातल्या फांद्यांच्या आणि टेबलासारख्या पसरट प्रवाळांची होती. हे झपाट्याने वाढतात आणि उष्णता, वादळ, तारामासा, या तिन्हींना सगळ्यांत आधी बळी पडतात. शेकडो वर्षं जगणारे पोराइटिस प्रवाळाचे घुमट एकदा गेले की त्यांची जागा पाच वर्षांत भरत नाही.

आणि तसंच झालं. २०२४च्या उन्हाळ्यात उष्मा दक्षिणेकडेही उतरला. सिडनी विद्यापीठाचं संशोधन केंद्र असलेल्या वन ट्री बेटावर शास्त्रज्ञ ४६२ प्रवाळवसाहतींवर नजर ठेवून होते. फेब्रुवारीत त्यांतल्या ६६ टक्के पांढऱ्या पडल्या, एप्रिलपर्यंत ८० टक्के. त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुन्या प्रवाळांच्या सांगाड्यांतून काढलेल्या नमुन्यांवरून चार शतकांचं तापमान मांडलं गेलं, कोरल समुद्राचा २०२४चा उन्हाळा त्या चारशे वर्षांतला सर्वांत उष्ण ठरला. २०२५च्या पाहणीत उत्तर भागाचं आच्छादन ३९.८ टक्क्यांवरून ३० वर आलं, दक्षिणेचं ३८.९ वरून २६.९ वर. या दोन्ही भागांत एका वर्षात इतकी घसरण नोंदी सुरू झाल्यापासून कधी झाली नव्हती. रीफमध्ये सावरण्याची ताकद आहे, ही २०२२ने दाखवलेली गोष्ट खरी. दोन तडाख्यांमधला श्वास घ्यायला वेळच उरलेला नाही, ही २०२५ने दाखवलेली गोष्टही तितकीच खरी.

तापमानाचा फटका प्रवाळापुरता थांबत नाही. रीफच्या उत्तर टोकाकडे रेन बेट आहे, हिरव्या कासवांचं जगातलं सर्वांत मोठं विणीचं ठिकाण. २०१९च्या डिसेंबरात ड्रोनने टिपलेल्या चित्रांवरून त्याभोवती ६४ हजारांपर्यंत कासवं असल्याचा अंदाज केला गेला. कासवाचं लिंग वाळूच्या उबेवर ठरतं. सुमारे २९ अंशांच्या वर मादी, खाली नर. २०१८मध्ये संशोधकांना आढळलं की या भागातून आलेल्या तरुण कासवांमध्ये ९९ टक्क्यांहून अधिक माद्या आहेत. शिवाय भरतीचं पाणी घरट्यांत शिरून अंडी बुडत होती, म्हणून यंत्रांनी वाळू ओढून बेटाची उंची वाढवावी लागली. आणखी उत्तरेच्या ब्रॅम्बल केवर मेलोमिस नावाचा छोटा उंदरासारखा प्राणी राहत असे. समुद्राने पुन्हा पुन्हा ते बेट धुऊन काढलं. २०१९मध्ये ऑस्ट्रेलियाने तो नामशेष झाल्याचं अधिकृतपणे मान्य केलं. माणसाने घडवलेल्या हवामानबदलाने संपवलेला तो पहिला सस्तन प्राणी मानला जातो.

शास्त्रज्ञ हात बांधून बसलेले नाहीत. सदर्न क्रॉस विद्यापीठाचे पीटर हॅरिसन, १९८४च्या त्या शोधनिबंधाच्या लेखकांपैकी एक, विणीच्या रात्रीनंतरचा तवंग गोळा करून पिल्लं तरंगत्या तलावांत वाढवतात आणि उजाड खडकांवर सोडतात. हेरॉन बेटावर २०१६मध्ये सोडलेल्या पिल्लांपैकी काही वाढली आणि २०२१मध्ये त्यांनी स्वतः बीजं सोडली. टाउन्सव्हिलजवळच्या मोठ्या सागरी प्रयोगशाळेत उष्णता सोसणारे प्रवाळ निवडून त्यांचा संकर केला जातो. समुद्राचं पाणी सूक्ष्म तुषारांनी हवेत उडवून ढग उजळ करायचे आणि ऊन परतवायचं, याचाही पहिला प्रयोग २०२०मध्ये रीफवर झाला. या प्रयत्नांचं मोल आहेच. पण हिशेब हेक्टरांत होतो, आणि रीफ महाराष्ट्राहून मोठी आहे. काही जाती, काही खडक यांतून तगतील. संपूर्ण रीफ प्रयोगशाळेतून वाचवता येणार नाही, हे त्या प्रयोगशाळांत काम करणारेच सर्वांत स्पष्टपणे सांगतात.

संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीचं म्हणणं कठोर आहे : पृथ्वी दीड अंशाने तापली तर जगातले ७० ते ९० टक्के प्रवाळ जातील, दोन अंशांनी तापली तर ९९ टक्क्यांहून अधिक. या दोन आकड्यांमधल्या अर्ध्या अंशासाठीच आता सगळी धडपड आहे.

आणि इथे भारत या गोष्टीत येतो. क्वीन्सलँड हे जगातल्या मोठ्या कोळसा-निर्यातदार प्रदेशांपैकी एक. ग्लॅडस्टन, हे पॉइंट, ॲबट पॉइंट ही त्याची कोळसा-बंदरं याच रीफच्या किनाऱ्यावर आहेत, आणि भरलेली जहाजं खडकांमधल्या वाटांनी बाहेर पडतात. एप्रिल २०१०मध्ये ‘शेन नेंग १’ हे कोळशाचं जहाज वाट चुकून डग्लस शोलवर चढलं आणि सुमारे तीन किलोमीटर लांबीचा खडक भरडत गेलं. ॲबट पॉइंटची जेटी २०११मध्ये अदानी समूहाने दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतली. भारतातल्या वीजकेंद्रांना कोळसा पुरवायचा म्हणून आखलेल्या त्यांच्या कारमायकल खाणीवरून ऑस्ट्रेलियात दशकभर वाद पेटला. खाण लहान झाली, पण झाली. २०२१च्या अखेरीस पहिला कोळसा निर्यातीला निघाला. शिवाय आपल्या पोलाद कारखान्यांना लागणाऱ्या आयात कोकिंग कोळशाचा मोठा वाटा ऑस्ट्रेलियातून, मुख्यतः क्वीन्सलँडमधूनच येतो. पुण्या-मुंबईतल्या नव्या इमारतींच्या सळईत त्याचा अंश आहे. दोष एकट्या कंपनीचा नाही आणि एकट्या देशाचाही नाही. विकणारा आणि विकत घेणारा, दोघांच्याही खात्यात तो जातो.

ही आच मालवणच्या समुद्रातही पोचली आहे. १९८७मध्ये जाहीर झालेल्या, अवघ्या २९ चौरस किलोमीटरच्या मालवण सागरी अभयारण्यातल्या प्रवाळांवरही गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी ब्लीचिंग नोंदवलं आहे. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात, कान्होजी आंग्र्यांचं नाव लाभलेला आंग्रिया बँक हा बुडालेला पठारी भाग आहे. त्यावरही प्रवाळ आहे, आणि त्याच्याबद्दल आपल्याकडे अजून फारसं कुणी बोलतही नाही.

कारमायकल खाणीविरुद्ध ऑस्ट्रेलियातली एक पर्यावरण संस्था संघराज्याच्या न्यायालयात गेली होती. परदेशात जाळल्या जाणाऱ्या या कोळशाच्या धुराने रीफचं नुकसान होईल, ते मंत्र्यांनी परवानगी देताना विचारात घ्यायला हवं होतं, असा तिचा युक्तिवाद. २०१६मध्ये तो फेटाळला गेला, पुढच्या वर्षी अपीलही. २०२३च्या फेब्रुवारीत मात्र त्याच देशाच्या पर्यावरणमंत्री तान्या प्लिबर्सेक यांनी रीफच्या किनाऱ्यापासून अवघ्या दहा किलोमीटरवर होऊ घातलेली दुसरी एक कोळसा खाण नाकारली. राष्ट्रीय पर्यावरण कायद्याखाली कोळसा खाण नाकारली जाण्याची ती पहिलीच वेळ. कारण दिलं गेलं ते खाणीतून वाहून येणाऱ्या गढूळ पाण्याचं आणि ओढे-भूजलाच्या हानीचं. गाळाने रीफ मरते हे कायद्याला पटलं. तो कोळसा जाळल्यावर समुद्र तापतो आणि त्यानेही रीफ मरते, हे नकाराच्या कारणांत नव्हतं. जोवर ते तिथे लिहिलं जात नाही, ऑस्ट्रेलियात विकताना आणि भारतात विकत घेताना, तोवर १९७५च्या कायद्याने आणि २००४च्या आखणीने मिळवलेलं सगळं केवळ मुदतवाढ ठरेल.